धारूरच्या मैदानावर एका गुणाची दुपार

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. शनिवार होता, म्हणून शाळा सकाळची. मुलं घरी गेली, मी हजेरीपट कपाटात ठेवले, सोबतच्या एका बाजींच्या घरी जोहरची नमाज पढले आणि थेट कॉलेजच्या मैदानाकडे निघाले. तिथे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतला मुलींचा कबड्डी सामना होता. एका बाजूला आमचं धारूर, दुसऱ्या बाजूला माजलगाव. जिंकेल तो संघ पुढच्या फेरीत जाणार, हरेल त्याने सामान आवरायचं.

घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं. "पुन्हा कबड्डी?" असं तिकडून आलं. हो, पुन्हा कबड्डी. मी स्वतः कधी खेळले नाही. पण लहानपणी अब्बा मला खांद्यावर बसवून रात्रीचे सामने दाखवायला न्यायचे. तेव्हा आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला हुतुतूच म्हणायची. मैदानाच्या चारी बाजूंना बांबू, त्यावर पिवळे दिवे, दिव्यांभोवती किडे आणि मधोमध तेल लावल्यासारखी चमकणारी माणसं. मी तेरा वर्षांची झाले तसं ते नेणं बंद झालं. कुणी मनाई केली नाही, फक्त नेणं थांबलं. आवड मात्र तशीच राहिली, आणि पुढे नोकरी लागल्यावर माझ्या पायांनी मी पुन्हा मैदानावर जायला लागले.

या सामन्याला माझं आणखी एक कारण होतं. धारूरच्या संघातली सात नंबरची मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली. नाव देत नाही, गाव लहान आहे. पाचवीत असताना ही पोरगी वर्गात एका जागी दोन मिनिटं बसायची नाही. तिला फळा पुसायला, खडू आणायला, ऑफिसात निरोप द्यायला पाठवून पाठवून मी दमले. एकदा पाठशिवणीच्या खेळात तिला सहा मुलींनी घेरलं आणि ती त्यांच्यामधून अशी निसटली की मी हातातला चहा विसरले. तेव्हाच मनात आलं की ही चढाईची मुलगी आहे.

कॉलेजात ती संघात आली आणि मग घरात प्रश्न उभा राहिला. तिच्या अब्बांची लहानशी बेकरी आहे. पहाटे चारला भट्टी पेटते, घरातली सगळी माणसं पावाला आणि टोस्टला लागतात. माणूस सज्जन, कमी बोलणारा. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाजी, पढने को ना नहीं. पण हे मैदानावर, लोकांसमोर..." वाक्य तिथेच सोडलं. मला त्यांचं चुकीचं वाटलं नाही. बापाला काळजी असणारच, आणि गावात बोलणारी तोंडं असतातच. बघणाऱ्या पोरांच्या मोबाइलची भीती तर मलाही वाटते.

मी त्यांना माझ्या फोनवर एक चित्रफीत दाखवली. २०१८ साली जकार्ताला आशियाई स्पर्धा झाल्या. मुलींच्या कबड्डीच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७-२४ असं हरवलं आणि सोनं नेलं. इराणच्या साऱ्या मुली पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे कपडे घालून, डोकं झाकून खेळत होत्या. आणि त्यांची प्रशिक्षक कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. नाशिकमध्ये कित्येक वर्षं मुलींना कबड्डी शिकवलेली ही बाई इराणला गेली आणि तिथल्या मुलींना तिने चढाई, पकड शिकवली.

त्यांनी चित्रफीत दोनदा पाहिली. मग विचारलं, "शिकवणारी आपल्याकडची?"

"हो."

"आणि हरवलं आपल्यालाच?"

"हो."

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे एक साल. आणि मगरिबच्या आत पोरगी घरात पाहिजे, तुमच्या जिम्मेदारीवर." मी हो म्हटलं. जिम्मेदारी घेणं सोपं असतं, ती निभावताना घड्याळाकडे किती वेळा बघावं लागतं हे नंतर कळतं.

तर त्या शनिवारी मी मैदानावर पोचले तेव्हा दोन वाजत होते. माजलगावचा संघ आलेलाच नव्हता. माजलगावहून धारूरला यायचं तर घाट चढावा लागतो आणि आमचा घाट कसा आहे हे ज्यांनी तिथे उसाच्या ट्रकमागे तास काढलाय त्यांना सांगायला नको. एखादी गाडी वळणावर अडकली की खाली वर सगळं ठप्प. त्यांची जीप तशीच कुठल्या तरी वळणावर उभी होती.

वाट बघण्याचा वेळ मला वाईट वाटला नाही. पाऊस नुकताच संपलेला, बालाघाटाचे डोंगर अजून हिरवे होते. मैदानाबाहेर एक म्हातारी पाटीत सीताफळं घेऊन बसली होती. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण म्हातारीचा भाव आपला नेहमीचाच. मी चार फळं घेतली, दोन तिथेच खाल्ली, बिया पदराआड हातात धरून ठेवल्या कारण टाकायला जागा दिसेना. बाईमाणसाने मैदानावर बिया थुंकाव्यात हे अजून मला जमत नाही.

बाहेरगावचा माणूस आमच्या गावाला 'किल्लेधारूर' म्हणून ओळखतो. किल्ला आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास बांधला. दोनच वर्षांत अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाने वेढा घातला. फिरिश्ता हा त्या काळचा इतिहासकार. तो लिहितो की, एक बाण किश्वरखानाला लागला, तो मेला आणि किल्ल्यातल्या फौजेने पाय काढला. एवढे बुरूज, एवढा खंदक, आणि निकाल एका बाणावर. पुढे मुघल आले, त्यांनी गावाला फतेहाबाद नाव दिलं. ते कागदावर राहिलं, लोकांच्या तोंडात धारूरच टिकलं. दरवर्षी सहलीला मी मुलांना किल्ला दाखवते आणि बाणाची गोष्ट सांगते. मुलांना ती खोटी वाटते.

पावणेचारला माजलगावची जीप आली. मुली उतरल्या त्या घाटात उलट्या झाल्यासारख्या पांढऱ्या पडलेल्या. आमच्या मुलींनीच त्यांना पाणी नेऊन दिलं. हे मला आवडलं, आणि थोडी धास्तीही वाटली, कारण त्यांची नऊ नंबरची मुलगी पाणी प्यायला उभी राहिली तेव्हा दिसलं की ती आमच्या सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आहे.

मैदान मातीचं होतं. आता मोठे सामने मॅटवर होतात, पण आमच्याकडे अजून माती चाळून, पाणी मारून, दाबून तयार करतात आणि फक्कीने रेषा आखतात. मुलींचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. ज्या भगिनींनी सामना पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बाजूला सात जणी. समोरची एक मुलगी 'कबड्डी कबड्डी' असा दम धरून येते, तिला ३० सेकंद असतात. शिवून परत गेली तर शिवलेली बाद, धरली गेली तर ती बाद. अख्खा संघ बाद झाला की समोरच्यांना लोणाचे दोन गुण जास्तीचे. आणि एक बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात जणी असताना चढाई करणारीने एक पाय त्या रेषेपलीकडे टेकवला आणि त्या वेळी मागचा पाय हवेत असला तर एक गुण. ही मागच्या पायाची अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मुलींचा सामना १५-१५ मिनिटांचा, मध्ये पाच मिनिटं विश्रांती.

बघायला बऱ्यापैकी गर्दी होती. कंपाउंडच्या भिंतीवर पोरं, झाडाखाली प्राध्यापक मंडळी, एका बाजूला आम्ही बायका. आमच्यात एक बाई शेतातून तशीच आलेली, कडेवर लहान मूल. ती आमच्या डाव्या कोपऱ्यावर खेळणाऱ्या मुलीची आई. तिने मला विचारलं, "किती वेळ चालंल हे?" मुकादमाकडून उचल घेतलेली होती, दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघणार होता, कारखान्यावर. बीड जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावायची गरज नाही. लेकीने सोबत यायचं की मावशीकडे राहून कॉलेज करायचं हे अजून ठरत नव्हतं. "पुढची म्याच लागली तर राहील म्हणती," आई म्हणाली. मी काही बोलले नाही. काय बोलणार?

सात नंबरचे अब्बा मला कुठे दिसले नाहीत. येतो म्हणाले नव्हते, नाही असंही म्हणाले नव्हते.

चारला शिट्टी झाली. पहिली दहा मिनिटं लिहिण्यासारखी नाहीत. ती उंच नऊ नंबर येई, लांब हाताने कुणाला तरी शिवे आणि चालत परत जाई. धावायचीही गरज तिला वाटत नव्हती. अकराव्या मिनिटाला आमच्यावर लोण चढला. फळ्यावर खडूने आकडे लिहिणारा मुलगा माजलगावच्या बाजूचं पुसून पुसून थकला. विश्रांतीला १७-११. आमच्या मुली मातीत बसून होत्या. सात नंबरने पूर्ण बाह्यांच्या बनियनवर संघाचा शर्ट घातलेला, खाली काळी पॅंट, डोक्याला घट्ट काळा रुमाल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नजर माझ्या मागे कुठे तरी गेली. मी वळले. कडुनिंबाखाली, सगळ्यांपासून लांब, पिठाने पांढरे झालेले हात मागे बांधून तिचे अब्बा उभे होते.

दुसरा डाव सुरू झाला आणि आमच्या डाव्या कोपऱ्याने, त्या ऊसतोड घरातल्या मुलीने, सामना फिरवला. आमच्या तीनच मुली मैदानात उरल्या होत्या. नऊ नंबर नेहमीसारखी चालत आली, हात लांब केला, परत वळली आणि त्या वळण्यात कोपऱ्याने तिचा घोटा धरला. फक्त घोटा, दोन्ही हातांनी, आणि सोडेच ना. बाकीच्या दोघी येऊन पडल्या. तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड झाली की एकाऐवजी दोन गुण मिळतात, तिला अव्वल पकड म्हणतात. चार मिनिटांनी तिनेच पुन्हा दुसरी केली, तोच पाय, तीच जागा. कडेवर मूल घेतलेली तिची आई शेजारी ओरडत नव्हती, फक्त माझं मनगट धरून होती. बांगडीचा वण दोन दिवस राहिला.

मग सात नंबर जागी झाली. एका चढाईत दोघी शिवल्या. पुढच्या चढाईत एक. मी बोटांच्या पेरांवर गुण मोजत होते, तसबीहसारखे, आणि लक्षात आल्यावर जरा लाजले, पण थांबले नाही. वर्गात 'आवाज नको' म्हणून दिवसातून वीस वेळा सांगणारी मी, आता घसा फुटेपर्यंत ओरडत होते. माझ्या शाळेतली दोन मुलं भिंतीवरून हे बघत होती. सोमवारी वर्गात त्याचा परिणाम दिसलाच.

माजलगावच्या शेवटच्या दोघी बाद झाल्या, लोण चढला आणि फळ्यावर २४-२४ झालं. सहा मिनिटं उरली होती.

त्याच वेळी असरची अजान सुरू झाली. माइकवर समालोचन करणारे सर तोवर अखंड बोलत होते. त्यांनी माइक बंद करून खाली ठेवला. खेळ थांबला नाही, पण भिंतीवरची पोरंही गप्प झाली. आमच्या गावात हे नेहमीचं आहे, कुणी कुणाला सांगत नाही. त्या दोन-तीन मिनिटांत मैदानावर फक्त एका मुलीचा दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि मातीवर पावलं घासल्याचा आवाज. इतक्या वर्षांत इतक्या जवळून मी तो कधी ऐकला नव्हता. मी कडुनिंबाकडे पाहिलं. आता हे मशिदीकडे निघतील असं वाटलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. जमातीला अजून वेळ होता. ते झाडाखालून निघाले, पण मशिदीकडे गेले नाहीत. दोरीजवळ येऊन उभे राहिले.

माजलगावच्या मुली काही कच्च्या नव्हत्या. २४-२६. मग आमची एक पकड, त्यांचा एक बोनस, आमच्या दोन चढाया. २७-२७. शेवटचं मिनिट लागलं आणि नऊ नंबरने जाता जाता आमच्या मध्यरक्षक मुलीच्या खांद्याला बोट लावलं. २७-२८.

शेवटची चढाई आमची. अर्थातच सात नंबर निघाली. समोर सहा जणी होत्या, म्हणजे बोनस खुला. तिने उजवीकडे दोन खोट्या चाली केल्या, मग डावीकडे वळली, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टाकला. त्याच क्षणी कोपऱ्याची मुलगी तिच्या कमरेवर झेपावली. सात नंबर वाकली, निसटली, पाचवीतल्या त्या खेळात निसटली होती तशीच, आणि मध्यरेषेला हात लावून आडवी पडली. शिट्टी झाली.

बोनस असला की पंच अंगठा वर करतात. सगळं मैदान पंचांच्या हाताकडे बघत होतं. त्यांनी रेषेवरच्या दुसऱ्या पंचांकडे पाहिलं, दुसऱ्यांनी मान हलवली. अंगठा वर झाला नाही.

मागचा पाय टेकला होता, असा निर्णय. बरोबरी झाली असती तर पाच-पाच चढायांवर निकाल लागला असता. २८-२७, माजलगाव जिंकलं.

मी जिथे उभी होते तिथून मला पाय दिसला नाही. हे खरं सांगायला पाहिजे, कारण त्या दिवसापासून गावात निम्मे लोक शपथेवर सांगतात की पाय हवेत होता आणि त्यातले कितीतरी त्या वेळी मैदानावर नव्हतेच. २०२३ साली हांगझोऊला आपल्या मुलींनी आशियाई सुवर्ण जिंकलं ते चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ असं, एकाच गुणाने. तेव्हा मी घरी टीव्हीपुढे नाचले होते. एका गुणाने हरणाऱ्यांच्या घरी त्या रात्री काय झालं असेल याचा विचार केला नव्हता.

मुली रडल्या. आमच्या आणि थोड्या त्यांच्याही, कारण इतकं खेचल्यावर रडू दोन्हीकडे येतं. डाव्या कोपऱ्याच्या आईने माझं मनगट सोडलं, मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चांगली खेळली की वो." मग लेकीजवळ गेली, तिच्या केसातली माती झाडायला लागली. त्या दोघींत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. दिवाळीनंतर मी कॉलेजात चौकशी केली तेव्हा कळलं की मुलगी वर्गात येते, अधूनमधून. आई-वडील गेलेत, लहान मूलही त्यांच्यासोबत गेलंय.

इकडे गर्दी पांगत होती. मी घड्याळ पाहिलं. मगरिबला बराच वेळ होता, माझी जिम्मेदारी शाबूत होती. सात नंबर चपला शोधत होती. मी तिला उरलेली दोन सीताफळं दिली. एक तिने तिथेच फोडलं. तेवढ्यात पाहिलं तर तिचे अब्बा दोरी ओलांडून मैदानात गेलेले. चपला त्यांनी बाहेर काढून ठेवल्या होत्या. बोनस रेषेपाशी उकिडवे बसून ते माती बघत होते. सामन्याच्या रेटारेटीत फक्की कुठे कुठे पुसून गेलेली, पावलांवर पावलं पडलेली. माजलगावचे दोन विद्यार्थी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि तेही वाकून बघायला लागले.

"पाँव ऊपर था, बाजी," ते मला म्हणाले. रागाने नाही, हिशोबात चूक सापडल्यासारखे.

"काका, टेकला होता," त्यातला एक विद्यार्थी म्हणाला.

"कुठं टेकला? दाखव कुठं टेकला."

त्याने एक जागा दाखवली. अब्बांनी मान हलवली. "हा त्या मोठ्या पोरीचा पाय आहे. अंगठा बघ केवढा."

मुलगी जवळ आली. तोंडात सीताफळ, हात बियांनी भरलेला. त्यांनी तिला विचारलं, "टेका क्या था?"

"नै अब्बा."

"मग तिथं बोलली का नाही?"

"पंचाला बोलायचं नसतं, अब्बा."

हे त्यांना पटलं नाही. असरची जमात चुकली होती. बेकरीत जाऊन पढतो म्हणाले, चपला घातल्या आणि दोघं रस्त्याला लागले. मी मागून चालत होते. पुढच्या वर्षाचं बोलणं त्या दिवशी निघालं नाही आणि मीही काढलं नाही. रस्त्याच्या वळणावर ते थांबले, उजवा पाय पुढे टाकला, डावा गुडघ्यात वाकवून वर उचलला आणि एका पायावर डुलत तिला काहीतरी दाखवायला लागले. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला. ते बाजूला झाले नाहीत. मुलीनेच त्यांचा पिठाचा हात धरून त्यांना कडेला घेतलं.